गुग्गुळ : मुरमाड रानात लावायचा आहे. छाट कलम, गुटी की बी?

मुरमाड_शिवार

नमस्कार मंडळी.

माण तालुक्यात आमचं वडिलोपार्जित रान आहे. खालच्या अंगाला विहिरीच्या जिवावर ज्वारी, कांदा, थोडं डाळिंब निघतं. वरची पट्टी मात्र मुरमाड, हातभर खणलं की कच्चा खडक. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर, तोही एका वर्षी वेळेवर तर दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर. मटकी-हुलग्याशिवाय तिथं काही उभं राहत नाही.

या पट्टीत औषधी डिंकाचा गुग्गुळ लावावा असं बरेच दिवस मनात आहे. सासऱ्यांचे एक स्नेही जामनगरला असतात. त्यांच्या बांधावर गुग्गुळाची जुनी झाडं आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी भाराभर फांद्या पाठवल्या. त्या काळ्या मातीच्या पिशव्यांत लावल्या, रोज पाणी दिलं. पंधरवड्याच्या आत सगळ्यांना पालवी. मग पाऊस लागला आणि एकेक फांदी बुडापासून काळी पडत गेली. उपटून पाहिलं तर बहुतेकींना एकही मूळ नव्हतं.

मूळ नसताना पालवी कशी आली? कलम कधी आणि कसं करावं? बियांपासून रोप होतं का? आणि आमच्या भागात हे झाड खरोखर टिकेल का? ज्यांनी हातानं लावलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

आडवाटेची_झाडं

धागा वाचनखुणेत टाकला. दादा, फांद्या खऱ्या गुग्गुळाच्याच होत्या ना? याच कुळातली, कुंपणाला लावतात ती दक्षिणेकडची झाडंही 'गुग्गुळ' म्हणून विकली जातात. फोटो असेल तर टाका.

मुरमाड_शिवार

फोटो टाकलाय. सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात, खाली हिरवट खोड आहे. फांद्या वेड्यावाकड्या, टोकाला काटा. पान चुरगळलं की उग्र वास येतो.

आडवाटेची_झाडं

हो, मग तोच. पानं पाहिली, एकेक आणि तीन-तीन दलांची, टोकाकडे दातेरी. कोमिफोरा वाइटी.

कलमवाला_काका

मुरमाड_शिवार, तुमच्या पहिल्या प्रश्नातच सगळं आलंय, म्हणून तिथून सुरू करतो.

गुग्गुळाचं खोड मांसल असतं. वर्षातले कितीतरी महिने हे झाड बिनपानाचं उभं असतं, त्या काळात जगायला लागणारं पाणी आणि अन्न खोडातच साठवलेलं असतं. फांदी तोडली तरी तो साठा फांदीबरोबर येतो. ऊब आणि थोडी ओल मिळाली की त्याच्या बळावर डोळे फुटतात. मुळं यायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. या मधल्या काळात माणूस पालवी बघून खूश होतो, पाणी वाढवतो, आणि बुडाशी कूज लागते. काळी माती आणि रोजचं पाणी म्हटल्यावर तुमच्या फांद्यांचं तेच झालं असणार.

आता पद्धत. फांदी निवडताना कोवळी, हिरवी टोकं घेऊच नयेत. अंगठ्याएवढी जाड, निदान १ सेंटीमीटर व्यासाची, पक्की फांदी हवी. लांबी पिशवीसाठी २० ते २५ सेंटीमीटर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ, म्हणजे वर-खाली ओळखू येतं. धारदार सिकेटर वापरा, फांदी चेंगरता कामा नये. कापल्यावर चीक येतो. तो पुसून कलमं सावलीत, हवेशीर जागी ठेवायची आणि काप कोरडा झाला की मगच लावायची. ओला काप मातीत गेला की बुरशीला दार उघडं.

मुळं फुटावीत म्हणून आयबीए नावाचं संजीवक वापरतात. पूड मिळते, त्यात बूड बुडवून झटकायचं. द्रावण करणार असाल तर आयबीए थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं. १ लिटरला १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम, हे सोपं गणित लक्षात ठेवा. जाड लाकडाला याहून कडक द्रावण वापरतात, पण तेव्हा बुडवण्याचा वेळ अगदी क्षणभराचा असतो.

माध्यमात निम्म्याहून जास्त जाड नदीची वाळू. उरलेल्यात तांबडी माती किंवा बारीक मुरूम. शेणखत मुळं आल्यानंतर. पिशवीला खालपर्यंत भोकं पाडा. कलमाचा एक तृतीयांश भाग मातीत, निदान दोन डोळे आत गेले पाहिजेत. लावल्यावर एकदा पाणी, त्यानंतर वरचा थर कोरडा झाल्याशिवाय नाही. बोट खुपसून बघायचं आणि ठरवायचं.

पालवी आली की फांदी ओढून बघायचा मोह होतो. तो टाळा. नुकती फुटलेली मुळं अतिशय ठिसूळ असतात. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, किंवा पालवी येऊन ती वाढत राहिली, पेरं लांबायला लागली, तर समजा जमलं. पालवी आली आणि तिथंच थबकली असेल तर ते कलम अजून साठ्यावरच जगतंय.

बाल्कनीतली_बाग

काका, किती नीट लिहिलंत! मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, पश्चिमेचं कडक ऊन येतं. कुंडीत जमेल का?

कलमवाला_काका

ताई, छान जमेल. पसरट, खोल नसलेली मातीची कुंडी घ्या, प्लॅस्टिकची नको. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली येणार नाही अशी ठेवा. थंडीत पानं गळतील, तेव्हा झाड मेलं समजून पाणी वाढवू नका. नखानं साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं की झाड ठणठणीत आहे. डिंकाची अपेक्षा कुंडीत धरू नका.

हिरवा_अंगठा_नगर

वेळेबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. औषधी वनस्पतींच्या लागवडीच्या माहितीत जून-जुलै लिहिलेलं असतं. त्यातली पद्धत अशी : साधारण १ मीटर लांब, १० मिलिमीटर जाड फांदी, बुडाला आयबीए किंवा एनएए हे तसंच दुसरं संजीवक, चांगल्या भरलेल्या गादीवाफ्यात लावायची, हलकं पाणी. दहा-पंधरा दिवसांत फूट, दहा-बारा महिन्यांत रोप तयार आणि पुढच्या पावसाळ्यात शेतात. राजस्थानात हे चालतं, कारण तिथला जून-जुलै म्हणजे मधूनमधून येणारी सर.

आपल्याकडे जूनमध्ये मृगाचा पाऊस एकदा धरला की आठवडाभर आभाळ उघडत नाही. म्हणून मी कलमं एप्रिल-मेमध्ये घेतो. तेव्हा झाड बिनपानाचं असतं, साठा भरलेला असतो. जुनं झाड पालवण्याआधीच फांदी काढलेली बरी. वर शेडनेट आणि पाऊस सुरू झाला की प्लॅस्टिकचं छत. छत नसेल त्यानं मग काकांनी सांगितलेल्या वाळूवर जास्तच भर द्यावा.

कलमवाला_काका

मान्य. कोकणात किंवा मावळात कोणी विचारलं असतं तर मीही छताशिवाय करू नका असंच सांगितलं असतं. माणमध्ये दोन्ही जमतं.

आडवाटेची_झाडं

गुटी कलमाबद्दल कोणीच लिहिलं नाही. डाळिंबाची गुटी बांधणारा माणूस माणदेशात सहज मिळेल, त्याच हाताचा हा उपयोग. भर पावसाळ्यात झाड जोमात असताना बोटाएवढ्या फांदीवर दोन-अडीच सेंटीमीटर रुंद सालीचं कडं काढायचं. डाळिंबाहून फरक एवढाच की इथं चीक वाहतो. तो पुसून जखम सुकू द्यायची, मग वरच्या कडेला आयबीए लावून ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि प्लॅस्टिकनं दोन्ही टोकं घट्ट बांधायची. मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात, त्यामुळे आत काय चाललंय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. अडचण एकच, त्यासाठी जवळ मोठं झाड पाहिजे. आणि एका झाडावर चार-पाचच्या वर गुट्या बांधू नयेत, आईझाडावर ताण येतो.

भुजवासी_मराठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं कच्छमध्ये आहे. इथं गुग्गुळाला 'गूगळ' म्हणतात. धागा वाचून राहवलं नाही, कारण लागवडीबद्दल बोलताना हे झाड जंगलात कशामुळे कमी झालं हेही माहीत असायला हवं.

खडकाळ टेकड्यांच्या उतारावर थोर, गोरड (एक काटेरी बाभूळ) आणि गूगळ एकमेकांच्या आडोशानं वाढतात. थोराच्या बुंध्यात गूगळाचं लहान रोप असेल तर ते शेळ्या-उंटांच्या तोंडातून वाचतं. उघड्यावरची रोपं फार कमी दिसतात. जुनी झाडं मात्र कित्येक ठिकाणी वाळून कोळ झालेली दिसतात. दुष्काळ पचवणारं झाड आहे हे, ती मेली माणसाच्या हातानं.

डिंक काढायला सालीवर चीर देतात. नुसत्या चिरेतून डिंक कमी येतो म्हणून त्या जखमेवर लेप लावायची जुनी पद्धत आहे : गुग्गुळाचाच डिंक, घोड्याचं किंवा गाढवाचं मूत्र आणि मोरचूद. लेप लावला की त्या हंगामात डिंक भरभरून येतो आणि त्यानंतर झाड वाळतं. वनात झाड कोणाच्याच मालकीचं नसतं, आज मी नाही काढला तर उद्या दुसरा काढणार, मग कोण कशाला जपेल? त्यात दगडखाणी आल्या, गांडा बावळ, म्हणजे तुमच्याकडची वेडी बाभूळ, पसरली. २०१५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हे झाड 'अत्यंत संकटग्रस्त' या वर्गात गेलं. तो वाघाच्याही वरचा धोक्याचा वर्ग आहे.

मुरमाड_शिवार, तुमच्यासारख्यांनी स्वतःच्या रानात, स्वतःच्या बांधाच्या आत हे झाड लावावं असं मला मनापासून वाटतं. मात्र कलमांसाठी फांद्या वनातून तोडून मागवू नका. ज्यांची स्वतःची लावलेली झाडं आहेत त्यांच्याकडूनच घ्या, आणि एका झाडाच्या फार फांद्या नकोत.

मुरमाड_शिवार

भुजवासी, धन्यवाद. मोरचूद आणि लेपाचं मला काहीच माहीत नव्हतं. आमच्या फांद्या बांधावरच्या झाडांच्याच होत्या, तरीही पुढच्या वेळी मुद्दाम विचारून घेईन.

शिकाऊ_शेतकरी_जत

इथेफॉन नावाचं रसायन चिरेवर वापरलं तर डिंक वीसपट येतो असं एका व्हिडिओत पाहिलं. मग ते आठ-दहा वर्षं वापरायला काय हरकत आहे? एका झाडाचे चांगले पैसे होतील की.

हिरवा_अंगठा_नगर

तो आकडा हवेतला नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुधारित सुरी आणि इथेफॉन वापरून साध्या चिरेच्या तुलनेत सुमारे २२ पट डिंक मिळाल्याची नोंद आहे. पण व्हिडिओवाले पुढचं सांगत नाहीत. मात्रा, झाडाचं वय, खोडाची जाडी आणि चिरेची खोली या चारही गोष्टी सांभाळल्या तर ते तंत्र आहे. त्यातली एक चुकली की तोच मोरचुदाचा लेप, फक्त बाटलीतला. संशोधकाच्या हातात ते नोंदी ठेवून वापरलं जातं. आपण शेतावर 'थोडं जास्त घाल' म्हणतो.

भुजवासी_मराठी

शंभर टक्के सहमत. चीर सालीच्या जाडीपलीकडे, लाकडात जाता कामा नये, हा एकच नियम इथले जुने जाणते पुन्हापुन्हा सांगतात. डिंक सालीतच तयार होतो, खोल चिरून जास्त मिळत नाही. हंगाम डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात कधीच नाही, डिंक धुऊन जातो आणि जखम कुजते. झाड आठ ते दहा वर्षांचं झाल्यावर एका हंगामात २०० ते ५०० ग्रॅम वाळलेला डिंक धरतात. एकदा काढला की त्या झाडाला पुढचं वर्ष विश्रांती.

शिकाऊ_शेतकरी_जत

म्हणजे आठ वर्षं काहीच नाही? मग हे परवडणार कसं? आमच्याकडे एकजण रोपं विकायला येतो. तीन वर्षांत डिंक आणि खरेदीची लेखी हमी देतो म्हणतो.

कलमवाला_काका

बाळा, तीन वर्षांत डिंक हे ऐकलं तिथंच बोलणं थांबव. तीन वर्षांच्या झाडाला चीर दिली तर डिंक थेंबभर आणि झाड कायमचं खुंटलेलं. खरेदीची हमी देणाऱ्याचा सगळा नफा रोपांच्या किमतीत असतो. आठ वर्षांनी तो कुठं असेल आणि तो कागद कुठं?

हिशेब असा बघ. २ बाय २ मीटरवर लावलं तर एकरी साधारण १००० झाडं बसतात. पहिली चार-पाच वर्षं ओळींत मटकी, मूग, गवार घेता येते, झाडाची सावली विरळ असते. म्हणजे आत्ता त्या रानातून जे निघतंय ते चालूच राहतं आणि गुग्गुळ बाजूनं वाढतो. ज्याला तीन वर्षांत पैसे हवेत त्यानं शेवगा लावावा. गुग्गुळ हे पडीक, दुसरं काही न येणाऱ्या जमिनीचं झाड आहे. चांगल्या जमिनीत लावून भरमसाट पाणी दिलं तर उलट लवकर जातं.

हिरवा_अंगठा_नगर

सरकारी बाजू : राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांमध्ये गुग्गुळासारख्या संकटग्रस्त वनस्पतींना प्राधान्य दिलं जातं. दरवर्षी नियम बदलतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. रोपांसाठी आणि तांत्रिक माहितीसाठी आणंदजवळच्या बोरियावीचं औषधी व सुगंधी वनस्पती संचालनालय आणि जोधपूरची काझरी (कोरडवाहू प्रदेशावरची केंद्रीय संशोधन संस्था), ही दोन नावं लक्षात ठेवा. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेनं 'मरुसुधा' नावाचा वाण दिला आहे. अजमेरजवळ मांगलियावासला गुग्गुळाचं जुनं प्रक्षेत्र आहे. कधी राजस्थानात गेलात तर बघून या.

आडवाटेची_झाडं

आता बियांकडे येते, कारण मला हे झाड आवडतं ते मुख्यतः यासाठी.

गुग्गुळाची बहुतेक झाडं मादी असतात. नर झाड अत्यंत विरळ. तरीही मादी झाडं लाल फळांनी भरून जातात! १९९६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या झाडाला बी धरायला परागाची गरजच पडत नाही. बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून गर्भ तयार होतो, आणि एका बीमध्ये एकाहून जास्त गर्भही असू शकतात. आंब्याच्या काही जातींत एका कोयीतून दोन-तीन रोपं येतात तसंच.

याचा लागवडीसाठी अर्थ असा की बियांचं रोपही बहुधा आईचीच नक्कल असतं. म्हणजे 'बियांपासून लावलं की विविधता येते' हे नेहमीचं म्हणणं इथं पुरतं लागू होत नाही. तीन एकरांत एकाच झाडाची कलमं लावली तर सगळं रान म्हणजे एकच झाड. एक रोग आला की सगळ्यांना. म्हणून माझी कळकळीची सूचना : कलमं निदान सात-आठ वेगवेगळ्या झाडांची घ्या, शक्य असेल तर वेगवेगळ्या भागांतली. प्रत्येक झाडाला खूण द्या, वहीत ओळी लिहून ठेवा. कुठं नर झाड सापडलं तर त्याचंही कलम हमखास लावा. पुढं कोणाला त्याचा फार उपयोग होईल.

बी लावायचंच असेल तर : फळ पिकून लाल झालं की गोळा करा, वाळूत चोळून गर काढा. आत दोन प्रकारच्या बिया निघतात, काळ्या आणि पांढुरक्या. पांढऱ्या पोकळ असतात, उगवत नाहीत. काळ्या तेवढ्या निवडा. कवच टणक असतं, वाळूत घासून थोडं झिजवा. उगवण तरीही कमीच राहते, म्हणून शंभर पेरल्या तर शंभर रोपं येतील असं समजू नका. पण बियांच्या रोपाला सोटमूळ मिळतं. ते खडकाच्या भेगेत खोल जातं. कलमाची मुळं सुरुवातीला आडवी पसरतात, वाऱ्याच्या जागी मोठं झालेलं कलम कधी कलंडतं. तुमच्या उतारावर थोडी बियांची झाडं असावीत असं मला वाटतं.

बाल्कनीतली_बाग

परागाशिवाय बी! आज काहीतरी नवीन कळलं. विषय थोडा बदलते, माफ करा. माझ्या वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. शेजारच्या काकू म्हणतात गुग्गुळाच्या गोळ्या सुरू करा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. खरंच होतं का?

वैद्य_करवीर

ताई, डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका, हे आधी सांगते.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगात गुग्गुळ सांगितला आहे. त्याचा धागा पकडून बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर अभ्यास केला, तो १९६६ चा प्रबंध. तिथून पुढं लखनौच्या सीडीआरआय या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड हा गुग्गुळाच्या डिंकाचा अर्क तयार झाला आणि १९८० च्या दशकात ते औषध म्हणून बाजारात आलं. भारतातल्या चाचण्यांत फायदा दिसला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका नियंत्रित चाचणीत मात्र वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही, उलट किंचित वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. मी स्वतः रोज गुग्गुळ कल्प देते आणि मला या द्रव्याविषयी फार आदर आहे. म्हणूनच सांगते, दोन्ही बाजू माहीत असलेल्या वैद्याला वडिलांची नाडी, रिपोर्ट आणि चालू औषधं दाखवून मगच निर्णय घ्या. थायरॉइडची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आवर्जून सांगा. गरोदरपणात गुग्गुळ टाळतात.

आणखी एक. घरी झाड लावलं म्हणून त्याचा डिंक कोणी थेट पोटात घेऊ नये. आम्ही तो त्रिफळा काढ्यात किंवा गोमूत्रात शिजवून, गाळून, शुद्ध करून वापरतो. योगराज, कैशोर, कांचनार, गोक्षुरादि, त्रिफळा गुग्गुळ, सगळ्यांचा पाया हा शुद्ध गुग्गुळच. सुश्रुतांनी नवा गुग्गुळ बृंहण म्हणजे अंग भरणारा आणि जुना लेखन म्हणजे मेद खरवडणारा सांगितला आहे. म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता, हाही विचार आहेच.

शिकाऊ_शेतकरी_जत

वैद्यताई, बाजारात धुपाला मिळतो तो हाच का? आमच्या आजीच्या पेटीत सालई गुग्गुळ म्हणून एक डिंक असायचा.

वैद्य_करवीर

सालई हे वेगळं झाड, कूळ मात्र एकच. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात भरपूर आहे. त्याचा डिंकही औषधी आहे, पण तो गुग्गुळ नव्हे. बाजारातल्या गुग्गुळात सालईची, इतर डिंकांची आणि साल-मातीची भेसळ असते. चांगला गुग्गुळ चिकट, सुगंधी, कडवट असतो, पाण्यात घोळला की दुधाळ होतो. खात्रीचा माल मिळवणं हे आमच्यासारख्यांचं रोजचं दुखणं आहे. २०२५ पर्यंत पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर बाजार बराच अवलंबून असायचा. मुरमाड_शिवार, तुमची झाडं आठ वर्षांनी तयार होतील तेव्हा निवडून, स्वच्छ, पानाच्या द्रोणात गोळा केलेला डिंक द्या. शुद्ध मालाला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही, निदान माझ्यासारखे वैद्य तुमच्याकडे स्वतः येतील.

मुरमाड_शिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. वडील म्हणाले, मी लावतो, काढायचं तू आणि नातू बघा. तेव्हा करायचं ठरलंय.

विचार असा आहे. यंदा फक्त रोपवाटिका. एप्रिलमध्ये जामनगरच्या स्नेह्यांकडे स्वतः जाऊन निरनिराळ्या झाडांची कलमं खुणा करून आणायची. थोडी काळी बीही मिळवायची. शेतात लागवड पुढच्या पावसाळ्यात, तीही आधी एकाच एकरात. खड्डे किती मोठे घ्यावेत? ठिबक टाकू का? आणि वाळवीचं काय, आमच्या त्या पट्टीत वारुळं आहेत.

कलमवाला_काका

खड्डा ३० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल पुरे, पण खाली कडक थर लागला तर पहारीनं फोडून घ्या, पाणी खाली उतरलं पाहिजे. खड्डे मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. भरताना वरचा मुरूम, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. खत कच्चं असेल तर वाळवीला आमंत्रण, तेवढं सांभाळा. जुनी वारुळं खणून राणी काढून टाका. या झाडाचा खरा शत्रू वाळवीच.

आळं खोलगट करू नका, बुंध्याशी उलट मातीची थोडी चढण द्या. उतारावर समतल चर काढलेत तर रोपं चराच्या खालच्या बांधावर लावा, चरात नको. ठिबकवर खर्च करू नका. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरा-वीस दिवसांनी मडक्यानं किंवा टँकरच्या पाईपनं थोडं पाणी, नंतर तेही बंद.

हिरवा_अंगठा_नगर

आणि शेळ्या! लागवडीआधी कुंपण. काटेरी फांद्यांचं चालेल, पण आधी कुंपण, मग रोप. पालवी कोवळी असताना एक कळप एका दुपारी सगळा एकर साफ करतो.

आडवाटेची_झाडं

झाडाला एकच बुंधा ठेवायचा की झुडूप होऊ द्यायचं, हे दुसऱ्या वर्षीच ठरवा. मोकळं सोडलं तर ते जमिनीपासून फाटे फोडून पसरतं आणि पुढं चीर द्यायला जाड खोड मिळत नाही. मी खालचे फाटे हिवाळ्यात, पानं गळल्यावर काढते आणि दोन-तीन जाड खोडं राखते. काढलेले फाटे फेकू नका, तीच पुढची कलमं.

भुजवासी_मराठी

एप्रिलमध्ये जामनगरला येणार असाल तर भुजलाही या. व्यक्तिगत निरोप टाका. इथं एका शेतकऱ्याच्या कुंपणात एक नर झाड आहे. फुलं पाहून खात्री केली आहे. त्यांना विचारलंय, दोन फांद्या द्यायला ते तयार आहेत. ओल्या पोत्यात नको, कोरड्या गोणपाटात गुंडाळून न्या, प्रवासात ओल राहिली तर काप घरी पोचेपर्यंत काळा पडतो.